कॅथेड्रलची आग आणि लोकांचे मन



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. परीक्षेत त्यांचेच प्रश्न येतात, म्हणून त्यात तुमचा दोष नाही. पण एखादी मोठी इमारत जळते, तेव्हा तिच्याभोवती जमलेली माणसे काय करतात, कोणाला शिव्या देतात, कोणाच्या मदतीला धावतात, हाही इतिहासच आहे. किंबहुना माणसाचा खरा स्वभाव अशाच प्रसंगी उघडा पडतो. आज मी तुम्हाला अशाच काही आगींची हकीकत सांगणार आहे.

हा विषय मला एका विद्यार्थ्याने दिला. १६ एप्रिल २०१९ ची सकाळ होती. शाळेत वार्षिक परीक्षा चालू होती. आदल्या रात्री पॅरिसमधील नोत्र दाम हे प्रसिद्ध कॅथेड्रल जळाल्याची बातमी सगळीकडे पसरली होती. पेपर सुटल्यावर नववीतला एक मुलगा माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "सर, ती आग आपल्या लोकांनी लावली म्हणतात. खरं आहे का?" कोणीतरी त्याच्या भावाच्या मोबाइलवर तसा मजकूर पाठवला होता. मुलाच्या चेहऱ्यावर कुतूहल कमी आणि भीती जास्त होती. मी त्याला म्हटले, "बाळ, अजून कोणालाच काही माहीत नाही. चार दिवस थांबू, मग बोलू."

उत्तर बरोबर होते. पण मला माझीच लाज वाटत होती. कारण त्याच रात्री मीही एक संदेश चार जणांना पाठवून बसलो होतो. 'मस्जिदे अक्सा जळते आहे आणि जग मात्र चर्चसाठी रडते आहे', अशा अर्थाचा तो संदेश होता. दुसऱ्या दिवशी नीट वाचले तेव्हा कळले, की त्या संध्याकाळी अक्साच्या आवारात मरवानी नमाजगृहाजवळ पहारेकऱ्याच्या खोलीला लहानशी आग लागली होती आणि ती लगेच विझवलीही गेली होती. मस्जिद सुखरूप होती. मुलाला मी थांबायला सांगितले, पण मी स्वतः थांबलो नव्हतो. हा लेख म्हणजे त्या चुकीची थोडी भरपाई समजा.

लंडन, १६६६

आधी एक खुलासा. कॅथेड्रल म्हणजे नुसते मोठे चर्च नव्हे. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते, ते कॅथेड्रल. मध्ययुगात अशी कॅथेड्रले बांधायला शंभर-दीडशे वर्षे लागत. भिंती व आतील कमानछत दगडाचे, पण त्यावरचे छप्पर लाकडी वाशांचे आणि त्यावर शिशाचे पत्रे, अशी त्यांची रचना असे. खालून पाहणाऱ्याला सारे दगडी वाटे. पण वर वाळलेल्या लाकडाचे जंगल असे. ठिणगी तिथे पोहोचली की संपले.

२ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे लंडनच्या पुडिंग लेन या गल्लीतील एका बेकरीत आग लागली. उन्हाळा कोरडा गेला होता, घरे लाकडाची होती आणि वारा जोराचा होता. आग चार दिवस शहर खात गेली. सुमारे १३,२०० घरे आणि ८७ चर्चे जळाली. लोकांना वाटत होते, की सेंट पॉल्स कॅथेड्रल तरी वाचेल. पुस्तक-विक्रेत्यांनी आपला माल त्याच्या तळघरात आणून ठेवला आणि दारे बंद करून घेतली. पण दुरुस्तीसाठी इमारतीभोवती लाकडी परांची बांधलेली होती. ४ सप्टेंबरच्या संध्याकाळी परांची पेटली, परांचीवरून छप्पर पेटले, शिसे वितळून रस्त्यावर वाहू लागले आणि छत कोसळून तळघरातली पुस्तकेही राख झाली.

आता लोकांनी काय केले ते पाहा. इंग्लंडचे त्या वेळी हॉलंड आणि फ्रान्सशी युद्ध चालू होते. आग अजून जळत असतानाच 'हे डच आणि फ्रेंच लोकांचे काम आहे, कॅथलिकांचे काम आहे', अशी आवई उठली. परकी बोली बोलणारा माणूस दिसला की जमाव त्याच्यावर तुटून पडे. अखेरीस रॉबर्ट ह्यूबर्ट नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीला पकडण्यात आले. त्याचे डोके ठिकाणावर नसावे. आग आपणच लावली, असा कबुलीजबाब त्याने दिला. मात्र त्याच्या सांगण्याचा मेळ बसत नव्हता. न्यायाधीशांनाही शंका होती. तरी ऑक्टोबर १६६६ मध्ये त्याला फाशी देण्यात आले. लोकांना कोणीतरी हवा होता, तो मिळाला. पुढे त्याला घेऊन येणाऱ्या जहाजाच्या कप्तानाकडून कळले, की आग लागल्यानंतर दोन दिवसांनी ह्यूबर्ट लंडनच्या भूमीवर उतरला होता!

सरकारी चौकशीतही कटाचा पुरावा मिळाला नाही. पण अफवेला पुरावा लागत नाही. या आगीच्या स्मरणार्थ उभारलेल्या स्तंभावर १६८१ साली आगीचा दोष कॅथलिकांवर ठेवणारी ओळ कोरण्यात आली. ती ओळ मधली थोडी वर्षे सोडली तर १८३० च्या सुमारापर्यंत तिथे होती. विचार करा, जवळजवळ दीडशे वर्षे लंडनमधील प्रत्येक कॅथलिक मूल त्या स्तंभाजवळून जाताना दगडावर कोरलेला आपला अपराध वाचत होते, आणि तो अपराध घडलाच नव्हता. ज्या बेकरीत आग लागली, त्या धंद्याच्या लोकांच्या संघाने १९८६ साली लंडनच्या महापौरांकडे रीतसर माफी मागितली. त्याला ३२० वर्षे लागली.

त्याच राखेतून नवे सेंट पॉल्सही उभे राहिले. लंडनमध्ये येणाऱ्या दगडी कोळशावर कर बसवून पैसा जमवला गेला. ख्रिस्तोफर रेन या वास्तुशास्त्रज्ञाच्या हाताखाली १६७५ मध्ये काम सुरू झाले आणि सुमारे पस्तीस वर्षे चालले. म्हणजे एकाच शहराने एका हाताने निरपराध माणसाला फासावर दिले आणि दुसऱ्या हाताने जगात नावाजलेला घुमट बांधला. माणसाचे मन असे दुहेरी असते.

यॉर्कच्या तीन आगी

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्क शहराचे कॅथेड्रल आहे. त्याला यॉर्क मिन्स्टर म्हणतात. त्याच्या तीन आगी अभ्यासण्याजोग्या आहेत, कारण तिन्हींची कारणे वेगवेगळी आहेत.

पहिली, फेब्रुवारी १८२९ ची. ही खरोखरच लावलेली होती. जॉनथन मार्टिन नावाचा एक माथेफिरू संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आत लपून राहिला आणि रात्री त्याने लाकडी सामानाला आग लावली. गायकांच्या जागेचे सुंदर कोरीव काम, ऑर्गन आणि वरचे छप्पर सारे जळाले. पण हा माणूस परका नव्हता, परधर्मीयही नव्हता. तो ख्रिस्तीच होता आणि पाद्र्यांवर चिडलेला होता. न्यायालयाने त्याला वेडा ठरवले आणि मरेपर्यंत वेड्यांच्या इस्पितळात ठेवले. दुसरी आग १८४० ची. घड्याळाची दुरुस्ती करणाऱ्या कारागिराची मेणबत्ती मागे राहिली आणि मनोरा व मुख्य सभागृहाचे छप्पर जळाले. इथे द्वेष नव्हता, नुसता निष्काळजीपणा होता.

तिसरी आग ९ जुलै १९८४ च्या मध्यरात्रीनंतरची. दक्षिणेकडील बाजूचे छप्पर पेटले. शंभराहून अधिक बंबवाले लढत होते. आग मधल्या मनोऱ्याकडे जाऊ नये म्हणून त्यांनी पाण्याचा मारा करून जळते छप्पर मुद्दाम खाली पाडले. तेथील गुलाबाच्या आकाराची मोठी रंगीत खिडकी हजारो ठिकाणी तडकली, पण जागेवर टिकून राहिली. तपासणीत बहुधा वीज पडली असावी, असा निष्कर्ष निघाला.

पण लोकांना वीज पुरेशी वाटली नाही. तीनच दिवस आधी त्याच कॅथेड्रलमध्ये डेव्हिड जेंकिन्स यांना डरहॅमचे बिशप म्हणून दीक्षा देण्यात आली होती. येशूच्या जन्माविषयी आणि पुनरुत्थानाविषयी त्यांची काही मते परंपरेला सोडून होती. तेव्हा 'हा ईश्वराचा कोप आहे', असे कित्येक लोक म्हणू लागले आणि वृत्तपत्रांतून पत्रांचा पाऊस पडला. हसू नका. आपल्याकडेही पूर, भूकंप, साथ आली की कोणाच्या तरी पापाचा हिशेब मांडणारे चार जण भेटतातच.

या आगीची एक गोष्ट मात्र मुलांनी जरूर लक्षात ठेवावी. नवे छत उभारताना त्यात कोरीव लाकडी गाठी बसवायच्या होत्या. बी.बी.सी.च्या मुलांच्या एका कार्यक्रमाने त्यासाठी चित्रांची स्पर्धा ठेवली. हजारो मुलांनी चित्रे पाठवली आणि त्यांतली सहा निवडून कारागिरांनी लाकडात कोरली. चंद्रावर पाऊल ठेवणारा माणूस त्या जुन्या कॅथेड्रलच्या छतात आज दिसतो, तो एका मुलाच्या कल्पनेतला आहे. १९८८ साली काम पूर्ण झाले. मुलांना भांडणाचे कारण सांगण्याऐवजी बांधकामात हिस्सा दिला तर ती कशी वाढतील, याचा पालकांनी विचार करावा.

अक्सा, १९६९

यॉर्कच्या माथेफिरूची हकीकत वाचताना तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना एक दुसरी आग आठवली असेल. २१ ऑगस्ट १९६९ रोजी जेरुसलेममध्ये मस्जिदे अक्साला डेनिस मायकेल रोहन नावाच्या एका ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती तरुणाने आग लावली. त्यात नूरुद्दीन झंगी यांनी बनवून घेतलेला आणि सलाहुद्दीन अय्यूबी यांनी तिथे आणून बसवलेला आठशे वर्षांचा लाकडी मिंबर जळाला. साऱ्या मुस्लिम जगात संतापाची लाट उसळली आणि तो संताप रास्त होता. पुढच्याच महिन्यात रबात येथे मुस्लिम राष्ट्रांची परिषद भरली. न्यायालयात रोहन वेडा ठरला. १८२९ चा यॉर्क आणि १९६९ चे जेरुसलेम शेजारी ठेवून पाहिले, तर एका माथेफिरूच्या कृत्यावरून त्याच्या साऱ्या धर्मबांधवांना तोलू नये, हे दोन्ही बाजूंनी खरे ठरते. जो न्याय आपण आपल्यासाठी मागतो, तोच दुसऱ्याला द्यावा लागतो. जळालेल्या मिंबरासारखाच नवा मिंबर जुनी छायाचित्रे व उरलेल्या तुकड्यांचा अभ्यास करून अनेक देशांतील कारागिरांनी घडवला आणि २००७ मध्ये तो अक्सात बसवण्यात आला.

पॅरिस, २०१९

आता नोत्र दामकडे वळू. या नावाचा अर्थ 'आमची स्वामिनी', म्हणजे हजरत मरियम. ११६३ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि चौदाव्या शतकाच्या मध्याला ते पुरे झाले. फ्रेंच राज्यक्रांतीत लोकांनी तिथल्या राजांच्या पुतळ्यांची डोकी उडवली, कारण ते फ्रान्सचेच राजे आहेत, असा त्यांचा समज होता. वस्तुतः ते बायबलमधील राजे होते. (अफवेने दगडालाही सोडले नाही!) १८०४ मध्ये नेपोलियनने तिथेच बादशाही मुकुट घातला. पुढे इमारत मोडकळीस आली. तेव्हा व्हिक्टर ह्यूगो यांची याच इमारतीवरची कादंबरी १८३१ मध्ये प्रसिद्ध झाली, ती लोकांनी डोक्यावर घेतली आणि तिच्यामुळे जीर्णोद्धाराची मागणी उठली. १८४४ पासून वीस वर्षे काम चालले. उंच टोकदार शिखर व्हिओले-ल-द्यूक या वास्तुशिल्पीने १८५९ मध्ये चढवले. एका कादंबरीने इमारत वाचवली, हे ध्यानात ठेवा. लेखणीची ताकद अशी असते.

१५ एप्रिल २०१९, सोमवार. संध्याकाळी सहा-वीसच्या सुमारास आगीची सूचना देणारी घंटा वाजली. पण ती कोणत्या भागासाठी आहे, हे समजण्यात घोटाळा झाला आणि पहारेकरी चुकीच्या माळ्यावर गेला. खरी जागा सापडेपर्यंत अर्धा तास गेला होता. सुमारे १,३०० ओक वृक्षांच्या लाकडाचे ते छप्पर तोवर पेटले होते. आठ वाजण्याच्या थोडे आधी शिखर मोडून पडले. आग उत्तरेकडच्या घंटा-मनोऱ्यात शिरली. तो पडला असता तर सारी इमारत गेली असती. काही बंबवाले जीव धोक्यात घालून त्या मनोऱ्यात चढले आणि त्यांनी तो वाचवला. आतील काटेरी मुकुट आणि इतर मौल्यवान वस्तू माणसांची साखळी करून बाहेर काढल्या गेल्या. सकाळ झाली तेव्हा छप्पर गेले होते, पण दगडी कमानछत बहुतांश टिकले होते आणि गुलाबाच्या आकाराच्या तिन्ही खिडक्या शाबूत होत्या.

सेन नदीच्या काठावर त्या रात्री हजारो लोक उभे होते. कोणी गुडघे टेकून प्रार्थनागीते गात होते, कोणी नुसतेच रडत होते. चर्चला कधी न जाणारेही रडत होते, कारण ती इमारत त्यांच्या लहानपणाचा, त्यांच्या शहराचा भाग होती. पॅरिसच्या मोठ्या मस्जिदीकडूनही दुःख व्यक्त झाले. दोन दिवसांनी, आग लागली त्याच वेळेला, संध्याकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी फ्रान्सभर कॅथेड्रलांच्या घंटा वाजल्या.

आणि त्याच रात्री दुसरा धूरही उठला. जुनी चित्रे, बनावट बातम्या आणि 'मनोऱ्यात कोणीतरी दिसला' अशा चित्रफिती फिरू लागल्या. एका मोठ्या वृत्तवाहिनीच्या नावाचे खोटे खाते उघडून हा घातपात असल्याचे पसरवले गेले. पॅरिसच्या सरकारी वकिलांनी दुसऱ्याच दिवशी सांगितले, की मुद्दाम आग लावल्याचे काहीही चिन्ह नाही. जूनमध्ये पहिल्या तपासाअंती त्यांनी दोन शक्यता मांडल्या : नीट न विझवलेली सिगारेट किंवा विजेच्या यंत्रणेतील बिघाड. नेमके कारण सिद्ध झाले नाही, पण हेतुपुरस्सर कृत्याचा पुरावाही निघाला नाही.

हे सारे जाहीर झाले, तरी अफवा मेली नाही. २८ ऑक्टोबर २०१९ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील बायोन शहरात एक ८४ वर्षांचा माणूस मस्जिदीपाशी आला. त्याने दाराला आग लावण्याचा प्रयत्न केला आणि त्याला हटकणाऱ्या ७४ व ७८ वर्षांच्या दोन वृद्ध नमाजींवर गोळ्या झाडून त्यांना गंभीर जखमी केले. पोलिसांना त्याने काय सांगितले? नोत्र दाम मुसलमानांनी जाळले, त्याचा सूड मी घेतला!

वाचक हो, इथे जरा थांबा. १६६६ मध्ये छापखान्यातून निघालेला कागद आणि चावडीवरची कुजबुज यांनी एका घड्याळजीचा गळा आवळला. २०१९ मध्ये मोबाइलवरच्या मजकुराने दोन म्हाताऱ्यांच्या अंगात गोळ्या घातल्या. साडेतीनशे वर्षांत यंत्रे बदलली, मन बदलले नाही. माझ्या वर्गातल्या मुलाच्या चेहऱ्यावर जी भीती होती, ती उगाच नव्हती. आणि मी जो संदेश पुढे पाठवला, तोही त्याच जातीचा होता. फक्त त्याचे तोंड दुसऱ्या दिशेला होते. खबर आली की तिची शहानिशा करा, हा तर आपल्या धर्माचाच हुकूम आहे. तो आपण इतरांना ऐकवतो; आधी स्वतः पाळला पाहिजे.

पैसा, वाद आणि काम

लोकांच्या मनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही दिवसांतच प्रचंड देणग्यांची आश्वासने आली. पिनो घराण्याने १० कोटी आणि आर्नो घराण्याने २० कोटी युरो जाहीर केले. एकूण सुमारे ८४ कोटी ६० लाख युरो जमले आणि देणारे होते १५० देशांतील ३,४०,००० लोक. त्यात पाच-दहा युरो पाठवणारेही पुष्कळ होते.

यावरही टीका झाली. त्या वर्षी फ्रान्समध्ये महागाईविरुद्ध 'पिवळ्या जाकिटवाल्यां'चे आंदोलन चालू होते. त्यांनी विचारले : एका रात्रीत दगडांसाठी एवढा पैसा निघतो, तर गरिबांसाठी का निघत नाही? प्रश्न कडू होता, पण खोटा नव्हता. ब्राझीलचे राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय सप्टेंबर २०१८ मध्ये जळून खाक झाले होते, त्याच्या मदतीला जग असे धावले नव्हते. मात्र अमेरिकेत एक चांगली गोष्ट घडली. लुइझियाना राज्यात त्याच मार्च-एप्रिलमध्ये कृष्णवर्णीयांची तीन चर्चे एका तरुणाने जाळली होती. त्यांच्यासाठी चाललेली वर्गणी मंद होती. पॅरिसची आग पाहून काहींनी आवाहन केले, की तिकडे देता तसे इकडेही द्या. आणि थोड्याच दिवसांत २० लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. टीका करणाऱ्याने नुसते बोट न दाखवता दुसरी झोळी पुढे केली, तर असे फळ मिळते.

पालकांसाठी आणखी एक बाब. छपरातील शेकडो टन शिसे त्या आगीत सापडले आणि त्याची विषारी धूळ आसपास पडली. शिसे लहान मुलांच्या वाढीला घातक असते. तिथल्या आईबापांनी आवाज उठवला, मुलांचे रक्त तपासले गेले, जवळच्या दोन शाळा जुलैमध्ये बंद ठेवल्या गेल्या आणि कडक नियम लागू होईपर्यंत कॅथेड्रलचे कामही थांबवावे लागले. सारे जग शिखराकडे पाहत असताना काही पालक मुलांच्या शाळेच्या अंगणाकडे पाहत होते. हीदेखील नागरिकाची जागरूकताच.

मग वाद लागला : शिखर जुन्यासारखेच बांधावे की नवे? राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी पाच वर्षांत काम पुरे करण्याची घोषणा केली आणि नव्या धर्तीच्या रचनेकडे कल दाखवला. कोणी काचेचे छप्पर सुचवले, कोणी छपरावर बाग सुचवली, कोणी तर पोहण्याचा तलाव! मुख्य वास्तुशिल्पी फिलिप व्हिल्नव्ह जुन्याच रूपावर ठाम होते; कामावर देखरेख करणारे जनरल जॉर्जेलँ यांनी त्यांना जाहीरपणे गप्प बसायला सांगितले, एवढे हे प्रकरण तापले. अखेर जुलै २०२० मध्ये जसे होते तसेच बांधायचे ठरले. लोकशाहीत असे वाद व्हायचेच. आजही काही चॅपलांत नव्या रंगीत काचा बसवण्यावरून तिथे वाद आहे आणि विरोधाच्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या आहेत. पण वाद म्हणून काम बंद पडले नाही, हे महत्त्वाचे.

आणि काम कसे झाले? सुमारे २,००० ओक वृक्ष निवडले गेले. सुतारांनी वासे व कैच्या जुन्या पद्धतीने कुऱ्हाडीने तासल्या. पण लाकूड मिळाले तरी माप कुठून आणायचे? छप्पर तर राख झाले होते. इथे अभ्यास कामी आला. २०१४ मध्ये दोन वास्तुशास्त्रज्ञांनी छपराच्या लाकडी सांगाड्याची बारकाईने मोजणी करून ठेवली होती, आणि अँड्र्यू टॅलन नावाच्या एका अमेरिकन प्राध्यापकाने साऱ्या इमारतीचे लेसर किरणांनी मोजमाप घेतले होते. टॅलन २०१८ मध्येच वारले. आपल्या मोजमापांची अशी गरज पडेल, हे त्यांना कधी कळले नाही. ७ डिसेंबर २०२४ रोजी कॅथेड्रलचे दार पुन्हा उघडले, तेव्हा बंबवाल्यांसाठी सारे पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. शिखराच्या टोकावरील नव्या सोनेरी कोंबड्याच्या पोटात कामावर राबलेल्या सुमारे दोन हजार माणसांची नावे ठेवली आहेत.

तुम्ही काय घ्यावे?

मित्रहो, या आगींत सामान्य माणूस चार रूपांत दिसतो : रडणारा, बोट दाखवणारा, देणारा आणि बांधणारा. रडणे स्वाभाविक आहे. देणे चांगले आहे. पण देशाला आणि समाजाला तारून नेतो तो चौथा. सुतार, गवंडी, काचकाम करणारा, मोजमाप करणारा विद्यार्थी, जीव धोक्यात घालणारा बंबवाला : हे सारे शिक्षणाने आणि सरावाने घडतात. आपल्या मुलांपैकी कोणी सुतारकाम, आरेखन, स्थापत्य शिकू म्हणाला, तर पालकांनो, तोंड वाकडे करू नका. जळालेले उभे करणारे हात त्यातूनच मिळतात.

दुसऱ्या रूपातला, बोट दाखवणारा माणूस आपल्या प्रत्येकात बसलेला आहे. तो माझ्यातही होता, हे मी कबूल केले. त्याला आवरण्याचा एकच उपाय मला ठाऊक आहे : थोडे थांबणे आणि विचारणे. हे कोण म्हणतो? त्याने पाहिले का? सन कोणता, जागा कोणती? इतिहासाच्या तासाला आम्ही तुम्हाला हेच प्रश्न विचारायला शिकवतो. तुम्हाला वाटते ते पाच गुणांसाठी असते.

तो नववीतला मुलगा आज मोठा झाला आहे. शाळा उघडल्यावर, जूनमध्ये, मी त्याला सरकारी वकिलांचे निवेदन वाचून दाखवले होते आणि माझ्या चुकीचेही सांगितले होते. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, मग ज्यांना तो संदेश पाठवलात, त्यांना परत कळवलंत का?" मी कळवले नव्हते. त्या दिवशी संध्याकाळी चौघांनाही फोन केले. शिक्षकाला विद्यार्थ्याने शिकवलेला तो धडा मी आपणा सर्वांच्या हवाली करतो.